संध्याकाळपासून उलटा हिशेब: नॅरोबोटीतून इंग्लंडच्या कालव्याकाठचे जुने पब

नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट. आमच्या पहिल्या नॅरोबोट सहलीत आम्ही सकाळी नकाशा उघडला, दिवसभरात जमेल तेवढं अंतर कापायचं ठरवलं आणि साडेसातच्या सुमारास एका जुन्या दगडी पबसमोर पोचलो. खिडक्यांत पिवळा उजेड होता, आतून हसण्याचे आवाज येत होते. काठाला मात्र बोटी एकीला एक लागून उभ्या होत्या, मध्ये हातभरही फट नव्हती. आम्ही तसेच पुढे गेलो. वळणापलीकडे जागा मिळाली तेव्हा अंधारून आलं होतं, आणि चिखल तुडवत मागे येईपर्यंत पबचं स्वयंपाकघर बंद झालं होतं. त्या रात्री बोटीतच मुगाची खिचडी टाकली. ज्या पबसाठी चार महिने आधी रजा टाकली होती, तिथे बसून जेवायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून आम्ही दिवसाचा हिशेब संध्याकाळपासून उलटा मांडतो. आधी पब ठरवायचा, मग तिथे पोचायची वेळ, आणि त्यावरून सकाळी निघायची वेळ. इंग्लंडमध्ये राहणारी किंवा इकडे सुट्टीला येणारी बरीच मराठी मंडळी आता नॅरोबोट भाड्याने घेऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी, विशेषतः पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी, हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

हे पब मुळात कोणासाठी होते

हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. मँचेस्टरला कोळसा नेणारा ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या सत्तर-एक वर्षांत इंग्लंडभर कालव्यांचं जाळं पसरलं. लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलते तिथे बोट चढवायचे-उतरवायचे, दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद. मध्य इंग्लंडमधल्या बहुतेक कालव्यांवरची लॉक जेमतेम ७ फूट रुंद बांधली गेली, म्हणून बोटीही अरुंद झाल्या: रुंदी ६ फूट १० इंच आणि लांबी ७० फुटांच्या आसपास. बोट ओढायला काठावरून एक घोडा चालायचा. तो ज्या वाटेने चाले तो टोपाथ. आज त्याच वाटेवर लोक सायकली चालवतात.

घोड्याला रोज रात्री तबेला आणि चारा लागतो. कालव्याकाठी दर काही मैलांवर पब का दिसतो, त्याचं हे मोठं कारण आहे. माणसांना बिअर, घोड्याला गवत, वर थोडं किराणा सामान आणि पुढच्या गावची खबर, असं सगळं एका छपराखाली मिळे. पुढे रेल्वेशी स्पर्धा सुरू झाली, वाहतुकीचे दर पडले आणि काठावरचं घर परवडेना, तसे बोटवाले बायकामुलांसह बोटीवरच राहू लागले. राहायची केबिन साधारण १० फूट लांब आणि ७ फुटांहून कमी रुंद. त्यात चूल, घडीचा पलंग, कपाट आणि सगळी लेकरं. सरकारने १८७७ आणि १८८४ मध्ये या बोटींसाठी कायदे केले, त्यांची नोंदणी सुरू केली, पण केबिन होती तेवढीच राहिली. अशा कुटुंबाला पाय पसरून बसता येईल अशी ऊबदार जागा म्हणजे पबची खोली. तिथे मेलोडियन (भात्याची छोटी पेटी) वाजे, लोक नाचत, एकमेकांचे निरोप पोचत. गावातले लोक बोटवाल्यांकडे संशयाने बघत, काही ठिकाणी त्यांना आत घेतही नसत. म्हणूनच जे पब त्यांना आपले मानत, त्यांना एवढी किंमत होती.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारी झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाणी कित्येक आठवडे गोठून राहिलं आणि उरलीसुरली मालवाहतूकही जवळपास संपली. कालवे वाचले ते हौशी बोटवाल्यांमुळे आणि स्वयंसेवकांमुळे. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २००० मैल जलमार्गांची देखभाल ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही संस्था करते.

तेव्हा पबपाशी पोचलात की आधी इमारत वाचा. मुख्य दार रस्त्याकडे आहे की पाण्याकडे? पाण्याकडे असेल तर हा पब बोटवाल्यांसाठीच बांधला असण्याची शक्यता मोठी. बाजूला रुंद दाराची, बुटकी विटांची खोली दिसली तर तो बहुधा तबेला. जवळच्या पुलाच्या कमानीला कोपऱ्यात लोखंडी पट्टी असेल, तिच्यावर हात फिरवून बघा. ओल्या, वाळूने माखलेल्या दोरांनी घासून घासून त्यात बोटाएवढ्या खोल खाचा पडलेल्या असतात. मला स्वतःला त्या खाचा कुठल्याही संग्रहालयापेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

पहिली पायरी: सहल ठरवा

नवख्यांनी पहिल्या वेळी तीन किंवा चार रात्रींची सहल घ्यावी: शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार. बहुतेक कंपन्या मार्च-एप्रिल ते ऑक्टोबर बोटी देतात. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी बरीच लॉक बंद ठेवतात, शिवाय अनेक पबही कमी दिवस उघडतात. परवाना लागत नाही. निघताना कंपनीचा माणूस तासभर शिकवतो. त्या तासात फोटो काढण्यात वेळ घालवू नका. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, बोटीला ब्रेक नसतो, थांबायचं तर इंजिन उलटं फिरवावं लागतं, आणि समोरून बोट आली की आपण उजव्या बाजूने जायचं. ही तीन वाक्यं डोक्यात पक्की बसेपर्यंत त्या माणसाला सोडू नका.

एक लहानशी गोष्ट: तुमच्या बोटीला ‘बार्ज’ म्हणू नका. बार्ज म्हणजे रुंद बोट. जुन्या बोटवाल्यांच्या पबात बसून नॅरोबोटीला बार्ज म्हटलं तर कोणीतरी नक्की दुरुस्त करील.

दुसरी पायरी: उलटा हिशेब

कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, पण प्रत्यक्षात ताशी ३ मैलच धरा. उभ्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावं लागतं, नाहीतर त्यांचे दोर ताणतात, मेखा उखडतात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. बोटवाल्यांचा हिशेब असा असतो: जितके मैल तितक्यात लॉकची संख्या मिळवा आणि बेरजेला ३ ने भागा, आले तास. १२ मैल आणि ९ लॉक म्हणजे २१, भागिले ३, म्हणजे ७ तास. नवख्यांनी वर एक तास धरावा, आणि दुपारचं जेवण, पाणी भरणं वगैरेसाठी आणखी एक.

आता उलटं चला. उन्हाळ्यात नावाजलेल्या पबासमोर दुपारी तीन-चारनंतर जागा मिळणं कठीण. म्हणजे साडेतीनला पोचायचं. वरच्या उदाहरणात नऊ तास लागतात, तर सकाळी साडेसहाला निघावं लागेल. पण इतरांच्या शेजारी बोट बांधलेली असेल तर रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवू नये, असा इथला नियम आहे. याचा अर्थ सरळ आहे: हा टप्पा एका दिवसाचा नाही. दोन दिवसांत वाटून घ्या. मी तर नवख्यांना दिवसाला पाच तासांच्या वर जाऊच नका असं सांगते. मैल मोजायला आलेलो नाही आपण.

तिसरी पायरी: पबला फोन

हे टाळू नका. इंटरनेटवरच्या वेळा अनेकदा जुन्या असतात. फोनवर चारच प्रश्न विचारा. त्या दिवशी उघडे आहात का? खेड्यातले बरेच पब सोमवारी, कधी मंगळवारीही बंद असतात. स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? बार अकरापर्यंत चालू असला तरी जेवण बऱ्याच ठिकाणी आठ-नऊलाच थांबतं. टेबल राखून ठेवावं लागेल का? रविवारच्या दुपारच्या जेवणाला बहुधा लागतंच. आणि चौथा: तुमच्यासमोर बोट बांधायला जागा आहे का, ती गिऱ्हाइकांसाठी राखीव असते का? काही पबांची स्वतःची जागा असते, तिथे आधी आत जाऊन विचारणं हा शिष्टाचार आहे. बाकीच्या टोपाथवर एरवी १४ दिवसांपर्यंत राहता येतं, पण पबाजवळच्या लोकप्रिय जागांवर मुदत बरीच कमी असते, कधी ४८ तास, कधी त्याहून कमी. पाटी वाचा.

चौथी पायरी: बोट बांधणं

पबच्या अंगणात बसलेल्या लोकांची नजर तुमच्यावर असणार. काठावर उभं राहून बोटी बघत बसणाऱ्यांना इथे ‘गाँगूझलर’ असा खास शब्द आहे. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका आणि घाई करू नका. बहुतेक अपघात घाईतच होतात.

जागेच्या बरंच आधी वेग कमी करा. नाक काठाकडे तिरकं न्या, मग इंजिन हळूच उलटं फिरवून बोट जवळजवळ थांबवा. मधला दोर हातात घेतलेल्या माणसाने काठावर पाऊल टाकायचं. उडी मारायची नाही, कधीच नाही. बोट काठाला लागली नसेल तर पुन्हा प्रयत्न करा. पंधरा टनांच्या आसपासचं हे वजन हातांनी किंवा पायांनी अडवायचा प्रयत्न करू नका, बोट आणि काठ यांच्यामध्ये पाय तर घालूच नका.

काठाला लोखंडी पत्रा असेल तर त्यात अडकवायचे आकडे कंपनीने दिलेले असतात. नुसती माती असेल तर मेखा ठोका: पाण्याकडे नाही, काठाच्या आतल्या बाजूला, थोड्या तिरक्या. मेखेचं डोकं गवतात लपतं आणि अंधारात लोक अडखळतात, म्हणून तिच्यावर पांढरी पिशवी किंवा रिकामी बाटली अडकवा. पुढचा आणि मागचा दोर बांधा. मधला दोर बांधून ठेवू नका, जवळून बोट गेली की तो बोटीला तिरकी ओढतो.

कुठे बांधायची नाही हेही लक्षात ठेवा: लॉकसाठी थांबायच्या जागेवर, पाण्याच्या नळाशी, पुलाखाली, वळणावर, आणि बोटी वळवण्यासाठी ठेवलेल्या रुंद जागेत. पब अगदी समोर असला तरीसुद्धा नाही.

श्रॉपशर युनियन कालव्यावर जाणार असाल तर एक वेगळीच अडचण येते. तिथे बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली काठाला लागून दगडी कट्टा आहे. बोट त्याच्यावर आपटत राहते आणि रात्रभर ठक-ठक आवाज येतो. बोटवाले मध्ये लहान चाकं किंवा जाड फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) टाकतात. तुमच्या कंपनीकडे असतील तर मागून घ्या.

पाचवी पायरी: बारपाशी

पबात टेबलावर येऊन कोणी ऑर्डर घेत नाही. आपण बारपाशी जायचं, मागायचं, लगेच पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः उचलून आणायचे. जेवण हवं असेल तर टेबलाचा नंबर आधी बघून ठेवा, तो बारवर सांगावा लागतो. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्याकडे आधी विचारणा झाली आणि शेजारचा तुमच्या आधीपासून उभा असेल तर ‘यांचा नंबर आधी’ म्हणून त्याच्याकडे हात करा. गावातल्या माणसाशी ओळख व्हायला याहून चांगली सुरुवात नाही. नोट हलवू नका, चुटकी वाजवू नका. बारवर टीप द्यायची पद्धत नाही. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण आडवळणाच्या पबासाठी थोडी रोकड जवळ ठेवा.

उंच लाकडी दांडा असलेले हातपंप दिसतात, त्यातून येते ती पिंपातली जिवंत बिअर. तिला इथे रिअल एल म्हणतात. तळघरात ती ११ ते १३ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. ती कोमट आहे अशी तक्रार आपल्याकडचे लोक करतात, पण तिची चव त्याच तापमानाला कळते. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहकांच्या संघटनेने ही बिअर वाचवली. जुन्या पबांच्या अंतर्रचनेच्या याद्याही हीच संघटना ठेवते, त्या बघून सहल आखता येते. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अर्धा मागितला तर कोणी काही म्हणत नाही, आणि घेण्याआधी घोटभर चव मागता येते. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस असं समजून लहान मुलांसाठी मागवू नका. इथला सायडर दारूच असतो, आणि बऱ्याचदा बिअरपेक्षा कडक.

शाकाहारींना एक माहिती हवीच. पिंपातली बिअर स्वच्छ करायला पूर्वापार आयसिंग्लास वापरतात, आणि ते माशाच्या वाताशयापासून बनतं. पाळत असाल तर आयसिंग्लास न वापरलेली, व्हीगन बिअर आहे का विचारा, आता बऱ्याच ठिकाणी असते.

न पिणाऱ्यांनी अजिबात संकोच करू नये. माझे बाबा आयुष्यात कधी प्यायले नाहीत. त्यांना मी पबात नेलं तेव्हा ते दारातच थबकले. त्यांच्या मनात पब म्हणजे आपल्याकडचा परमिट रूम. आत एक आजी विणकाम करत होत्या, कोपऱ्यात कुत्रा झोपला होता, दोन मुलं बटाट्याच्या काचऱ्या खात होती. बाबांनी लाइम-सोडा घेतला आणि शेजारच्या आजोबांशी पावसाबद्दल बोलायला लागले. दोन तासांनी मीच त्यांना उठवलं.

मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडमध्ये, बारवाली बाई ‘माय डक’ म्हणेल. हे आपलं ‘बाळा’ आहे असं समजा. बोटवाल्यांमध्ये गप्पांची सुरुवात ठरलेली असते: कुठून आलात, कुठे चाललात, पुढची लॉक कशी आहेत. उत्तर नीट ऐका. पुढे झाड पडलंय, अमक्या पुलाजवळ गाळ आहे, ही माहिती कुठल्याही ॲपच्या आधी पबात मिळते.

जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

मेनूवर हिरवं ‘व्ही’ चिन्ह असतं, तरी तीन ठिकाणी विचाराच. चिप्स काही जुन्या ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात. ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) याच्या पारीत प्राण्याची चरबी असू शकते. रविवारच्या ताटात नट रोस्ट (दाणे-सुकामेव्याचा भाजलेला वडीसारखा पदार्थ) शाकाहारी असतो, पण त्यावर ओततात ती ग्रेव्ही मांसाची असू शकते, आणि भाजलेले बटाटेही चरबीत भाजलेले असू शकतात. विचारलं तर कोणाला राग येत नाही. प्लाउमन्स म्हणजे पाव, चीज, लोणचं, कांदा. हे साधं ताट मला या सगळ्यात सर्वात आवडतं: मळ्यावरच्या भाकरी-कांद्याची आठवण करून देतं. हॅम घालू नका एवढं सांगा.

आणि बोटीत पोहे, तूप, डाळ-तांदूळ, चटणीची बरणी असू द्या. स्वयंपाकघर बंद झालं तरी उपाशी झोपावं लागत नाही.

सहावी पायरी: परत बोटीवर

हा भाग मी सगळ्यात कळकळीने लिहिते आहे. बोट बांधून झाल्यावरच पहिला ग्लास. दुपारच्या पबात थांबलात तर सुकाणू धरणारा आणि लॉक चालवणारा, दोघांनीही घ्यायची नाही. लॉकमध्ये बोट खाली उतरत असताना मागच्या दरवाजाजवळ पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. सुकाणूपाशी उभ्या माणसाचं लक्ष सुटलं आणि बोटीचं मागचं टोक त्या उंबरठ्यावर अडकलं, तर पाणी खाली जात राहतं आणि बोट उलटून बुडू शकते. एक चूक आणि दोन मिनिटं पुरतात. हे मी भीती घालायला सांगत नाही. जुन्या बोटवाल्यांच्या मुलांना हे चालायला लागल्यापासून शिकवलेलं असायचं, आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

पबातून निघताना प्रत्येकाजवळ टॉर्च हवा. टोपाथवर दिवे नसतात, काठ निसरडा असतो, आणि लॉकच्या दरवाजावरून पलीकडे जायचा मोह रात्री आवरायचा. मुलांना जीवरक्षक जॅकेट घालूनच परत न्या. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढाच खोल असला तरी थंड पाणी आणि अंधार यांनी माणूस गोंधळतो. अंधारात बोट चालवायला बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत, ते योग्यच आहे.

एक सहल, जशी मी आखीन

सुरुवात ब्रॉन्स्टनहून. नॉर्दॅम्प्टनशरमधल्या या गावी ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालवा मिळतात. इथून स्टोक ब्रूअर्नपर्यंत सुमारे २० मैल आणि १३ लॉक. बेरीज ३३, भागिले ३, म्हणजे ११ तास. दोन रात्री वाटेत, तिसरी स्टोक ब्रूअर्नला. ग्रँड युनियनची लॉक १४ फूट रुंद आहेत, दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी मावतात, त्यामुळे दुसऱ्या बोटीशी जोडी जमवा, निम्मे कष्ट वाचतात.

ब्रॉन्स्टनला सहा लॉक चढायची. तिसऱ्या लॉकशी ‘ॲडमिरल नेल्सन’ हा पब आहे, पण चढत असताना थांबायचा विचार नको, आदल्या संध्याकाळी चालत जाऊन या. मग १७९६ चा ब्रॉन्स्टन बोगदा, २०४२ यार्डांचा, मध्येच थोडा वाकडा. बोगद्यानंतर बकबीची सात लॉक उतरायची. वरच्या लॉकला लागूनच ‘न्यू इन’ आहे. पहिला मुक्काम त्याच्या अलीकडे करा, म्हणजे लॉक सकाळी ताज्या हातांनी उतरता येतात. यानंतर स्टोक ब्रूअर्नपर्यंत एकही लॉक नाही. दुसऱ्या रात्री बगब्रुक, तिथे कालव्यालगत ‘व्हार्फ इन’ आहे.

तिसऱ्या दिवशी ब्लिसवर्थचा बोगदा. लांबी ३०७६ यार्ड, म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या वर. दोन्हीकडचा कालवा तयार झाला तरी हा बोगदा बरीच वर्षं पुरा होईना, तेव्हा माल ब्लिसवर्थला उतरवून घोड्यांच्या रुळगाडीने टेकडीवरून पलीकडे नेत. १८०५ मध्ये बोगदा उघडला. आत टोपाथ नाही. घोडा टेकडीवरून चालत जाई आणि माणसं फळीवर उताणी पडून, भिंतीला पाय लावून, पावला-पावलाने बोट पुढे ढकलत. तुम्हाला अर्धा-पाऊण तास लागेल. पुढचा दिवा लावा, रेनकोट घाला, कारण वरच्या हवेच्या झरोक्यांतून पाणी गळतं. समोरून बोट येऊ शकते, दोघांना पुरेल एवढी रुंदी आहे. वेग कमी करा, उजवीकडे राहा आणि तिच्या दिव्याकडे टक लावून बघू नका.

बोगद्यातून उजेडात आलं की थोड्याच अंतरावर स्टोक ब्रूअर्न. काठावर गवताने शाकारलेला ‘बोट इन’. १८७७ पासून तो पिढ्यान्पिढ्या एकाच कुटुंबाकडे होता, म्हणजे बोटवाल्यांचा पहिला कायदा झाला त्याच वर्षापासून. समोर जुन्या धान्याच्या गिरणीत कालव्यांचं संग्रहालय आहे, १९६३ मध्ये सुरू झालेलं. याच गावात सिस्टर मेरी वॉर्ड या परिचारिकेने अनेक वर्षं बोटवाल्या कुटुंबांवर उपचार केले. डॉक्टरकडे जायला ना वेळ ना पैसे असलेले लोक बोट थांबवून तिच्या दाराशी येत. संग्रहालय आधी बघा, मग पबात जा. त्या खोलीत कोण कोण बसून गेलं असेल हे तेव्हा कळतं.

इथे नॉर्दॅम्प्टनशरचा स्किटल्स खेळायला मिळतो. गादी लावलेल्या टेबलावर नऊ बुटके खुंट असतात आणि ते ‘चीज’ नावाच्या जाड लाकडी चकत्या फेकून पाडायचे. बाबांनी तिसऱ्या फेकीत पाच पाडले. लहानपणीच्या विटीदांडूचा हात अजून गेला नव्हता.

आणखी काही, पुढच्या वेळेसाठी

कोव्हेंट्रीजवळ हॉक्सबरी जंक्शनला ‘ग्रेहाउंड’. बोटवाले या जागेला ‘सटन स्टॉप’ म्हणत, इथल्या लॉक सांभाळणाऱ्या सटन घराण्यावरून. आसपासच्या खाणींतला कोळसा मिळायची वाट बघत बोटी इथे ताटकळत, त्यामुळे पब सदा भरलेला. कोव्हेंट्री कालव्यातून ऑक्सफर्ड कालव्यात जायला १८३७ च्या बिडाच्या पुलाखालून जवळजवळ पूर्ण उलटं वळण घ्यावं लागतं, तेही पबच्या अंगणासमोर. अगदी मंद जा, नाक फिरू द्या, मगच इंजिनला जोर द्या.

श्रॉपशर युनियनवर ऑडलमला पंधरा लॉकच्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्या खालच्या टोकाकडे जुन्या गोदामात ‘श्रॉपी फ्लाय’. ‘फ्लाय’ म्हणजे रात्रंदिवस, घोडे बदलत धावणाऱ्या जलद बोटी. आतला बारच बोटीच्या आकाराचा आहे. त्याच कालव्यावर हाय ऑफलीजवळ ४२ क्रमांकाच्या पुलाशी ‘अँकर’: दोन लहान खोल्या, जवळपास जशाच्या तशा. उघडण्याचे दिवस मर्यादित, तेव्हा फोन करूनच जा. माझ्या मते या सगळ्यांत जुन्या बोटवाल्यांच्या सर्वात जवळ नेणारा पब हाच.

ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर फ्रॅडली जंक्शनला ‘स्वान’ आहे, आणि तिथून पूर्वेला बर्टन. बर्टनच्या बिअरचा आपल्याशी खरा संबंध आहे. १८२० च्या दशकात तिथल्या कारखान्यांनी हिंदुस्थानात पाठवायला फिकट, कडवट, टिकाऊ बिअर बनवायला घेतली. रेल्वे बर्टनला १८३९ मध्ये आली, त्याआधी पिंपं बंदराकडे न्यायला पाण्याचीच वाट होती. तिथून जहाजाने मुंबई आणि कलकत्त्याला. आज जगभर आयपीए (इंडिया पेल एल) म्हणून जी पितात तिचं नाव त्या प्रवासातून आलं आहे. फ्रॅडलीच्या काठावर बसून ती मागवाल तेव्हा समोरच्या पाण्यावरून पिंपांनी भरलेल्या बोटी मुंबईच्या वाटेला लागत, हे आठवा.

सकाळी निघताना

आठच्या आधी इंजिन नको. चहा घ्या, दोर तपासा, मेखा मोजून घ्या, कारण विसरलेली मेख पुढच्या मुक्कामी आठवते. लॉक उघडायची विंडलास आदल्या रात्री आत ठेवली होती ना बघा, छपरावर ठेवलेली चोरीला जाते. पबवाले अंगण झाडत असतील, त्यांना हात करा. आधी मागचा दोर सोडा, मग पुढचा, नाक बांबूने काठापासून ढकला आणि बोटींच्या रांगेवरून अगदी संथ जा. रांग संपली की पुढच्या पबला फोन लावा आणि स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते विचारा.